ख्वाजा महमूद गवान

आमच्या बिलोलीहून बिदर फारसें दूर नाहीं. त्या शहरांत रंगीत फरशांनीं मढविलेलें एक भग्न विद्यालय आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकीं एकच आज उभा आहे. तें विद्यालय १४७२ सालीं बांधणाऱ्या थोर वजिराचें चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

महमूद गवान मूळचा इराणांतील गिलान प्रांताचा. १४५३ च्या सुमारास तो व्यापारी म्हणून दाभोळ बंदरीं उतरला व तेथून बिदरास आला. वय चाळिशीपलीकडे गेलेलें. परंतु त्याची विद्वत्ता व सचोटी पाहून बहामनी सुलतान अल्लाउद्दीन अहमद यानें त्यास दरबारीं ठेवून घेतलें. पुढें हुमायून सुलतानानें त्यास वजिरी दिली. १४६१ सालीं हुमायून वारला, तेव्हां गादीचा वारस अवघा आठ वर्षांचा होता. राजमाता नर्गिस बेगम व गवान यांनीं त्या बिकट काळीं राज्य सांवरलें.

व्यापारी असल्यामुळें बंदरांचें महत्त्व त्यास ठाऊक होतें. फौजेस लागणारे अरबी व इराणी घोडे समुद्रमार्गेंच येत. म्हणून त्यानें कोंकणांत मोहीम केली व १४७२ सालीं गोवें घेतलें. राज्य दोन्ही समुद्रांना भिडलें.

राज्य वाढलें, तसे सुभेदारहि प्रबळ झाले. गवानानें चार सुभ्यांचे आठ केले. वऱ्हाडाचे गाविलगड व आपल्याकडील माहूर असे दोन भाग झाले. सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे सुलतानाच्या हुकमतींत आणिले. जमिनीची मोजणी करविली व जहागीरदारांकडून हिशेब घेतला. स्वतः मात्र तो साधेपणानें राहून व्यापाराच्या नफ्यावर आपला खर्च भागवी.

हिशेब द्यावा लागला, ते त्याचे वैरी झाले. त्यांनीं त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या कारकुनास वश करून कोऱ्या कागदावर शिक्का उमटविला, व ओरिसाच्या राजास चढाईचें आमंत्रण देणारें खोटें पत्र त्यावर लिहिलें. सुलतान महंमद तेव्हां कोंडापल्लीच्या छावणींत मद्याच्या अंमलाखालीं होता. स्नेह्यांनीं गुजरातेंत निघून जाण्याचा सल्ला दिला. पण निर्दोष मनुष्यानें कां पळावें, अशा विचारानें गवान सुलतानासमोर गेला. शिक्का आपला, पत्र आपलें नव्हे, असें त्यानें सांगितलें. चौकशी न करितां ५ एप्रिल १४८१ रोजीं त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला.

सत्य उघडकीस आलें, तोंवर वेळ गेली होती. वर्षभरांत पश्चात्तापानें खंगलेला सुलतान वारला. सुभेदार स्वतंत्र झाले आणि एका राज्याचीं पांच राज्यें झालीं.

बालमित्रहो, सर्वांचे हिशेब तपासणाऱ्या त्या चतुर पुरुषाचा शिक्का दुसऱ्याच्या हातीं राहिला, हीच त्याची एक चूक. परंतु सुलतानाची चूक तिच्याहून मोठी. पत्र आणणारा कोण, तें लिहिलें कोणीं, एवढें विचारण्यास घटकाभर पुरे होती. ती घटका त्यानें दिली नाहीं, आणि दीडशें वर्षांची दौलत गमाविली. बिदरास जाल तेव्हां त्या एकाकी मनोऱ्यापाशीं क्षणभर उभे राहा.