शारदा सदन ते मुक्ती : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंनी स्वीकारलेला धर्म आपला नव्हे. तरीही धर्माच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने पीडित स्त्रीसाठी काय करावे, हे जाणून घेण्यासाठी अनेकांतदृष्टी लाभलेल्या आपल्या समाजाने त्यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे.

२३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे अनंतशास्त्री डोंगरे यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. लोकनिंदा सोसून शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि तीच विद्या कन्येस मिळाली. दुष्काळात मातापित्यांचे छत्र हरपले. बंधूंसह पायी भ्रमण करीत त्या १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला; पण दोनच वर्षांत वैधव्य आले. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टरांची मागणी मांडली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढे ते पुण्यास हलविले. केशवपन, उपासमार व घरचा छळ सोसणाऱ्या बालविधवांना तेथे निवारा आणि विद्या मिळाली. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनात शिकल्या.

१८९३ मध्ये मुलींवर धर्मप्रभाव टाकला जात असल्याचा आरोप झाला. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक दूर झाले आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. आश्रय देणाऱ्या हातावरचा विश्वास डळमळला की हानी आश्रितेचीच होते, हा त्या प्रसंगाचा बोध आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात भुकेल्या मुलींना फसवून नेणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली सोडवून पुण्याजवळ केडगावी आणल्या. तेथील मुक्ती सदनात विणकाम, शेती, छपाई असे उद्योग शिकविले जात. अत्याचारपीडित स्त्रियांसाठी कृपा सदन होते. मनोरमाबाईंनी निजाम राज्यातील गुलबर्ग्यास शाळा काढली. लातूर-नांदेडही तेव्हा त्याच राज्यात होते. १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने आपल्या भागातील मुलांना वाघोलीस नेऊन शिकविले, हे आपण पाहिले आहे. भूकंपाचे दुःख जगाला दिसते. घराच्या भिंतीआडचा छळ मात्र दिसत नाही आणि घराण्याच्या अब्रूसाठी तो झाकलाही जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना सेवा पुरवठादार म्हणून पीडितेच्या मदतीस येण्याची वाट खुली केली आहे. अहिंसेचे व्रत उंबरठ्याच्या आतही पाळले जावे. आपल्या धर्मशाळेचे दार ठोठावणाऱ्या भगिनीस जात वा पंथ न विचारता निवारा, कायद्याची मदत व हाताला काम मिळावे. सुवर्णमहोत्सवी वर्षात याहून मोठे अभयदान कोणते?