विश्लेषण : डॉ. दत्ता सामंत कोण होते? गिरण्या संपामुळेच बुडाल्या का?

मुंबईतल्या गेलेल्या नोकऱ्यांचा विषय निघाला की डॉ. दत्ता सामंत यांचे नाव येतेच.

डॉक्टर ते कामगार नेते
जन्म १९३२ चा, मालवणजवळच्या देवबागचा. गोवंडीपासून जवळच, घाटकोपरच्या पंतनगरात त्यांचा दवाखाना होता. तिथे येणाऱ्या दगडखाण कामगारांचे हाल पाहून ते युनियनमध्ये उतरले. पुढे इंजिनीअरिंग कारखान्यांत त्यांनी भरघोस पगारवाढीचे करार केले.

संप का चिघळला?
१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९४६ च्या कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता. कामगार सामंतांच्या मागे होते, पण मालक आणि सरकार त्यांच्याशी बोलायला तयार नव्हते. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.

दोष कोणाचा?
जुनी यंत्रे आणि भिवंडीसारख्या ठिकाणचे स्वस्त यंत्रमाग यांमुळे गिरण्या आधीच अडचणीत होत्या. संपाने पडझडीला वेग दिला. १९९१ च्या नियमांनी जमीन विक्रीची वाट मोकळी केली आणि कापडापेक्षा जागा महाग ठरली.

शेवट
१९८४ च्या काँग्रेस लाटेतही सामंत अपक्ष खासदार झाले. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. संपाला १५ वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते.

आज गोवंडीत जरीकाम किंवा भंगाराच्या गाळ्यात राबणाऱ्याचे काम सुटले, तर त्याच्या बाजूने बोलणारी युनियन क्वचितच सापडते.