दिसले तेच लिहिणारा माणूस

चिखलदऱ्याचे थंडीतले आकाश पाहिले, की मला कावसजी दादाभाई नायगमवाला आठवतात. बँकेत उभा जन्म गेल्याने माणूस मी नोंदीच्या चोखपणावरून जोखतो.

हे पारशी प्राध्यापक १८५७ साली जन्मले. भावनगरच्या महाराजांनी ५,००० रुपये दिले, तेवढेच सरकारने घातले आणि १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. कावसजींनी दुर्बिणीला वर्णपटमापक जोडून मृगातल्या तेजोमेघाची मुख्य रेषा तपासली. इंग्लंडातले नामांकित लॉकियर ती मॅग्नेशियमची मानत. तशी असती तर ती पसरट दिसायला हवी होती. पुण्यात ती रेखीव दिसली. समोर एवढे मोठे नाव असूनही कावसजींनी दिसले तेच १८९१ साली छापले.

१९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही मिटली. दुर्बीण कोडाईकनालला गेली, आणि १९८० च्या दशकात लेहला, तिथले आकाश पारखायला. हवेतली वाफ अवरक्त किरण गिळते. म्हणून उंचावरची कोरडी हवा हवी. पुढे लडाखातच हानले येथे मोठी दुर्बीण उभी राहिली. २०१३ साली तिच्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे अवरक्त वर्णपटमापक बसले.

कावसजी १९३८ साली गेले. त्यांचे खाते मात्र बंद झालेले नाही.