गणिती भास्कराचार्य

९ हात उंचीच्या एका खांबावर पाळीव मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. बिळापासून २७ हातांवरून साप बिळाकडे सरपटत येत आहे. मोर त्यास पाहतो आणि तिरकी झेप घेतो. दोघांची गती सारखीच. तर बिळापासून किती हातांवर मोर सापास गाठील?

साप जेथे दिसला तेथेच मोराने झेप घेतली, तर त्याच्या चोचीत काहीच यावयाचे नाही. तो पोचेपर्यंत साप पुढे सरकलेला असेल. नेम धरावयाचा तो साप जेथे येणार त्या जागेवर. ती जागा शोधण्याची रीत मोठी सुटसुटीत आहे. खांबाच्या उंचीचा वर्ग ८१. त्यास २७ ने भागले की ३ येतात. हे ३ सत्तावीसांतून वजा करावे आणि उरलेल्या २४ चे निम्मे करावे. उत्तर १२ हात. आता पडताळा पाहावा. सापाने २७ वजा १२, म्हणजे १५ हात अंतर कापले. मोराची तिरकी वाट म्हणजे ९ आणि १२ हात बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. तोही १५ हातच भरतो. गती सारखी, वेळ सारखा, म्हणून अंतरही सारखे!

हे उदाहरण रचणारे पंडित म्हणजे भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. मात्र ते नेमके कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. त्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या चार भागांपैकी पहिला 'लीलावती'. मोर आणि साप आपल्याला भेटतात ते याच भागात. तेथे हंस आहेत, भुंगे आहेत, वाऱ्याने पाण्यात बुडणारे कमळ आहे. गणित रुक्ष असते, असे हा ग्रंथ वाचणारा तरी म्हणणार नाही.

लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, असे परंपरेने मानले जाते. तिच्या विवाहाच्या वेळी घटिकापात्रात मोती पडला, पात्राचे छिद्र बुजले आणि मुहूर्त टळला, अशी कथा सांगतात. ही कथा येते ती अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने इ. स. १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. आचार्य एका बालिकेस उद्देशून प्रश्न घालतात, एवढे मात्र खरे.

मोराची आणि सापाची गती ठरीव होती. आकाशातील चंद्राचे तसे नाही. तो एका दिवसात कधी सुमारे १२ अंश चालतो, तर कधी सुमारे १५. आजच्या आणि उद्याच्या स्थानांतील अंतर म्हणजेच त्याची गती मानली, तर तिथी संपण्याचा क्षण चुकतो आणि त्या तिथीवर बेतलेली व्रते व सण यांचाही घोळ होतो. यासाठी भास्कराचार्यांनी दिवसाच्या गतीला स्थूल म्हटले आणि त्या त्या क्षणाची गती, म्हणजेच तात्कालिक गती, काढण्याची रीत सांगितली. त्यांच्या पूर्वीच्या काही ज्योतिर्विदांनाही हा विचार सुचला होता. परंतु आचार्यांनी तो अधिक स्पष्ट केला. पुढे सतराव्या शतकात युरोपात कलनशास्त्र उभे राहिले. क्षणाच्या गतीचा प्रश्न त्या शास्त्राच्याही मुळाशी आहे.

इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी पंचांग करणाऱ्यांसाठी 'करणकुतूहल' हा छोटा ग्रंथ लिहिला. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल याने आपल्या पदरी ठेवले, आणि नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. त्या मठास इ. स. १२०७ मध्ये मिळालेल्या दानांचा शिलालेख तेथे आढळला आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गावात जितके घाणे चालतील, तितक्यांतून मठास पळी पळी तेल द्यावे, असे त्यात कोरलेले आहे.