वाजवून झालेले सूर

आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्यात आजोबांच्या कॅसेट होत्या. आजोबांची नोकरी पोस्टात होती आणि जीव गाण्यात होता. तालुक्याच्या गावी गणेशोत्सवात कोणी गवई आले, की मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन आजोबा पुढच्या सतरंजीवर जाऊन बसत. ते गेले, आणि दोन वर्षांनी दिवाळीच्या आवराआवरीत ती ट्रंक मीच खाली उतरवली आणि मीच भंगारवाल्याच्या हातगाडीवर नेऊन ठेवली. मी तेव्हा आठवीत होतो. त्या पैशांचे मी काय घेतले तेही मला आठवते. पण ते सांगण्यासारखे नाही.

एक कॅसेट तेवढी वाचली, कारण ती बिघडलेल्या टेपरेकॉर्डरच्या पोटात अडकून राहिली होती. गेल्या वर्षी तो दुरुस्त करून घेतला आणि लावला. बुवांचा आवाज लांबून येतो. तंबोरा ऐकूच येत नाही. मधूनच कोणी खोकते, कोणाचे मूल रडते. पण समेवर आले की माइकच्या अगदी जवळून एक दाद उमटते. ती आजोबांची आहे. आमच्या घरात त्यांच्या आवाजाची एवढीच खूण उरली आहे.

त्यानंतर ध्वनिफिती जपायच्या कशा, याविषयी मिळेल ते मी वाचू लागलो. त्या वाटेवर मला जो माणूस भेटला, त्याचे नाव जेरी गार्सिया. रॉक संगीत म्हणजे नुसता गोंगाट, असे मानणाऱ्यांपैकी मीही एक होतो. तेव्हा माझ्यासारख्यांनी हा लेख जरा धीराने वाचावा, एवढीच विनंती.

जेरोम जॉन गार्सियाचा जन्म १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. वडील स्पेनहून आलेले, वाद्यवृंदात वाजवणारे. मुलाचे नाव त्यांनी जेरोम कर्न या संगीतकारावरून ठेवले. पुढे वादन सुटले आणि त्यांनी मद्यपानगृह चालवायला घेतले. जेरी चार वर्षांचा असताना थोरला भाऊ लाकडे फोडत होता आणि हा ती धरून देत होता. कुऱ्हाडीचा घाव चुकला आणि उजव्या हाताचे मधले बोट जवळजवळ दोनतृतीयांश गेले. पुढच्याच वर्षी वडील मासेमारीला गेले असता नदीत बुडून वारले. आई धंदा सांभाळू लागली आणि मुले काही वर्षे आजी-आजोबांकडे वाढली.

पंधराव्या वाढदिवसाला आईने त्याला अकॉर्डियन आणून दिले. त्याला हवी होती विजेवर चालणारी गिटार. त्याने हट्ट धरला आणि गहाणवटीच्या दुकानात अकॉर्डियन देऊन गिटार घेतली. शाळेत त्याचे मन रमले नाही. १९६० साली तो सैन्यात भरती झाला आणि वारंवार गैरहजर राहिल्यामुळे त्याच वर्षी बाहेरही पडला. १९६१ च्या फेब्रुवारीत मित्रांसह जात असताना मोटारीला भयंकर अपघात झाला. त्यात त्याचा एक तरुण मित्र गेला. जेरी काचेतून बाहेर फेकला गेला, पण वाचला. तोवरचे आपले आयुष्य उगाच गेले, असे त्याला वाटू लागले आणि तो गिटारला खऱ्या अर्थाने चिकटला. बोट तुटलेल्या हाताने तो बँजोही शिकला. हे वाद्य तर उजव्या हाताच्या बोटांवरच चालते!

यापुढचा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९६४ साली जेरी आणि त्याचा एक मित्र मोटारीत टेपरेकॉर्डर टाकून अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसरीकडे निघाले. ब्लूग्रास नावाच्या ग्रामीण संगीताने त्यांना वेड लावले होते. जिथे तो कार्यक्रम असेल तिथे जायचे, ऐकायचे, ध्वनिमुद्रण करायचे, दुसऱ्या शौकिनांकडच्या फिती उतरवून घ्यायच्या, असा तो प्रवास होता. इंडियाना राज्यातील बीन ब्लॉसम या गावी ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांचा कार्यक्रम होता. आपल्याला साथीला घ्या, असे त्यांना विचारण्याचा जेरीचा बेत होता. तो बँजोची पेटी घेऊन त्यांच्या जवळपास उभा राहिला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. तो परत आला तो फिती घेऊन. म्हणजे पुढे ज्याच्या गाण्याच्या फिती जगभर फिरल्या, तो स्वतः आधी श्रोत्यांत बसून टेप करणारा होता. माझ्या आजोबांच्याच जातकुळीतला!

१९६५ साली त्याने सवंगड्यांसह वॉरलॉक्स नावाचा संच काढला. वर्षअखेर त्याचेच नाव ग्रेटफुल डेड झाले. यांची रीत वेगळी होती. गाणे ठरलेले, पण ते कसे आणि किती वाढेल हे त्या रात्री ठरायचे. एकच गाणे आज सात मिनिटांत संपे, तर उद्या पंचवीस मिनिटे चाले. आपल्याकडे एकच राग दोन मैफलींत दोन तऱ्हांनी उलगडतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचे मर्म सांगायला नको. तबकडीवर मात्र त्यातले एकच रूप उतरणार. उरलेली रूपे त्या रात्रीबरोबर विरून जाणार. म्हणूनच श्रोते टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागले.

प्रारंभी हे चोरूनच चाले. यंत्राचे भाग कपड्यांत लपवून आत न्यायचे आणि अंधारात जोडायचे. संचाची माणसे काही वेळा वायरी तोडत, फिती काढून घेत. आणि त्यात त्यांचे अगदीच चुकत होते असेही नाही. अशा ध्वनिमुद्रणांच्या चोरट्या तबकड्या काढून पैसे करणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. परंतु १९७१ च्या सुमारास फितींच्या अदलाबदलीची मंडळे निघाली आणि त्यांनी एक नियम पाळला. फीत विकायची नाही. ज्याला प्रत हवी त्याने कोरी फीत आणि टपालखर्च पाठवावा, दुसऱ्याने ती भरून परत करावी. वेष्टनावर तारीख, गाव, सभागृह, गाण्यांचा क्रम आणि ही मूळ फितीपासून कितवी प्रत हे लिहायचे. हे शेवटचे महत्त्वाचे. कारण प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी खरखर वाढते आणि सूर बोथट होतो. म्हणून एका चांगल्या प्रतीवरून काहींनी, त्यांच्यावरून आणखी काहींनी, अशी झाडाच्या फांद्यांसारखी वाटणी ते करत.

जेरीने या लोकांची बाजू घेतली. आपले वाजवून झाले की त्या सुरांवरचा आपला हक्क संपला, ते ज्यांना हवे त्यांनी न्यावेत, असे त्याचे सरळ म्हणणे होते. बीन ब्लॉसमला गेलेला मुलगा दुसरे काय म्हणणार? तरी प्रश्न सुटला नव्हता. माइकच्या उंच काठ्यांचे रान माजले, मागच्यांना दिसेनासे झाले, चांगल्या जागांवरून भांडणे होऊ लागली. अखेर ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कली येथील कार्यक्रमांपासून ध्वनियंत्रणेच्या मागे टेप करणाऱ्यांसाठी निराळा विभाग राखून त्याची वेगळी तिकिटे निघाली. मोफत वाटपाने धंदा बुडेल ही भीतीही खोटी ठरली. फीत ऐकलेला माणूस पुढच्या वेळी तिकीट काढून येई.

जेरीला मी देव करू इच्छित नाही. हेरॉइनच्या व्यसनाने त्याला पोखरले होते. १९८६ साली मधुमेहाने तो काही दिवस बेशुद्धीत गेला. शुद्धीवर आल्यावर त्याला गिटार पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली आणि ती तो शिकला. पुढच्याच वर्षी त्यांच्या एका गाण्याने आजवरचे सर्वांत मोठे यश मिळवले. पण व्यसन सुटले नाही. ९ जुलै १९९५ रोजी शिकागोला त्याचा संचाबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला. ९ ऑगस्टला एका व्यसनमुक्ती केंद्रात हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय अवघे त्रेपन्न. स्वतःचे सूर त्याने मोकळ्या हाताने वाटले, स्वतःचा देह मात्र त्याला सांभाळता आला नाही.

तीस वर्षांत या संचाचे सुमारे २३०० कार्यक्रम झाले आणि त्यांतील बहुतेकांच्या फिती आज उपलब्ध आहेत. यात श्रोत्यांचा वाटा फार मोठा आहे. १९८६ मध्ये संचाच्या ध्वनिमुद्रक बेटी कॅंटर-जॅक्सन यांची शेकडो रिळे गोदामाचे भाडे थकल्यामुळे लिलावात गेली. ती परक्यांच्या हाती पडली. पण रसिकांनी त्यांतील पुष्कळ मिळवली, साफ केली आणि वाटली. ८ मे १९७७ च्या कॉर्नेल विद्यापीठातील कार्यक्रमाची फीत त्यांतलीच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२ साली तिला राष्ट्रीय ठेवा म्हणून निवडले, तेव्हा ती अधिकृतपणे विक्रीस आलेलीही नव्हती. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती हातगाडी उभी राहिली. त्या रिळांना मागाहून धावणारे मिळाले. माझ्या ट्रंकेमागे कोणी धावले नाही.

जेरीच्या मागे वादही झाला. हे सारे कार्यक्रम इंटरनेट आर्काइव्ह येथे कोणालाही उतरवून घेता येत होते. नोव्हेंबर २००५ मध्ये संचाच्या वतीने ते एकाएकी काढायला लावले. रसिक खवळले. काही दिवसांतच श्रोत्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे परत खुली झाली; संचाच्या यंत्रणेतून घेतलेली नुसती ऐकण्यापुरती राहिली. ही तडजोड मला न्याय्य वाटते. सभागृहातून ज्याने जे टिपले, त्यात त्याच्या दोन कानांचा आणि त्याच्या बैठकीचाही वाटा असतो.

जेरीची थोडी रक्षा १९९६ च्या एप्रिलमध्ये ऋषिकेशला गंगेत सोडली गेली आणि उरलेली सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात. झाकिर हुसेन यांच्याबरोबर १९७६ च्या ‘दिगा’ या तबकडीत गिटार वाजवणारा हा माणूस शेवटी अंशतः आपल्याकडेही आला.

आता राहिली माझी कॅसेट. जेरीने परवानगी दिली, ती स्वतःच्या सुरांपुरती. आमच्या बुवांनी ती कधी कोणाला दिली होती काय? चौकशी करत मी त्यांच्या मुलाच्या घरी पोचलो. गृहस्थ साठीच्या पुढचे. त्यांच्या घरात वडिलांचे एकही ध्वनिमुद्रण नव्हते. मी कॅसेट लावली. पंचेचाळीस मिनिटांची ती बाजू संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी ती बाजू पुन्हा लावायला सांगितली. निघताना म्हणाले, की हवी त्याला द्या, फक्त विकू नका. आजोबांची दाद ऐकू आली तेव्हा हे कोण, असेही त्यांनी विचारले. मी सांगितले. ट्रंकेचे मात्र सांगायचा धीर झाला नाही. ते आज इथे लिहिले आहे.

त्या कॅसेटच्या तीन प्रती केल्या आहेत. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, एक आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. तारीख, गाव आणि कोणी टिपले हे वर लिहिले आहे. कोणाला हवी असल्यास कोरी फीत घेऊन यावे.