मातीचा भाव आणि मातीचे मोल

खराडीत आज जमिनीचा भाव चौरस फुटावर ठरतो. इमारतीच्या पायासाठी खणलेली माती मात्र ट्रकमधून कोठेतरी नेऊन टाकतात. तिला कोणी विचारीत नाही. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास अशा वेळी शहरापलीकडच्या पिंपरीत मातीचे मोल जाणणाऱ्या डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांचे स्मरण होते.

तिरुमलाचार यांचा जन्म १९१४ सालचा. ते मूळचे म्हैसूरकडचे. तांबेरा व काणी हे रोग पिकांवर पाडणाऱ्या बुरशी हा त्यांच्या अभ्यासाचा पहिला विषय. बी. बी. मुंडकूर यांच्यासमवेत काणीच्या बुरशींवर लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. पुढे ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात संशोधन विभागाचे प्रमुख झाले. १९५४ साली स्थापन झालेला हा कारखाना पेनिसिलिनसाठी उभारलेला. बाहेरून आलेले तंत्र राबविण्यातच समाधान मानणे त्यांना सहज शक्य होते.

पेनिसिलिन जिवाणूंना मारते, बुरशीला नव्हे. उलट, अशा औषधांनी शरीरातील निरुपद्रवी जिवाणू नष्ट झाले की बुरशीला मोकळे रान मिळते. तिच्यावरचा उतारा तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीतील एका जिवाणूत सापडला. गावावरून त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवण्यात आले. त्यापासून मिळालेले हॅमायसिन १९६१ साली जगापुढे आले. बुरशीच्या पेशीचे आवरण ते सच्छिद्र करते. त्यानंतरचे ऑरिओफंजिन पिकांवरील रोगांसाठी वापरले गेले. जुना अभ्यासविषय असा नव्या वाटेने शेतात परतला.

१९९९ साली तिरुमलाचार निवर्तले. त्यांचा कारखाना पुढे तोट्यात रुतत गेला आणि २०१६ साली, देणी भागविण्यासाठी त्याची जादा जमीन विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. कामगारांचे थकलेले पगार दिलेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण ताळेबंदात जमिनीला रकाना असतो, शोधाला नसतो, हेही विसरून चालणार नाही. मातीचे शेकडो नमुने तपासावेत तेव्हा एखाद्यात काही हाती लागते. असा बेभरवशाचा खर्च खाजगी उद्योग सहसा करीत नाही. तो सरकारी तिजोरीतूनच व्हावा लागतो. आज जुनी औषधे रोगजंतूंपुढे निष्प्रभ ठरू लागली आहेत. अशा वेळी हा खर्च टाळणे म्हणजे काटकसर नव्हे, उद्याच्या रुग्णावर आजच चढविलेले कर्ज आहे.