कोल्हापूर प्रकरणातले आगरकर

कऱ्हाडजवळच्या टेंभूत १८५६ साली गरिबीत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांना तुरुंग घडला तो आपल्या कोल्हापूरपायी! चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाचा मजकूर ‘केसरी’त आला, कारभारी बर्वे यांनी फिर्याद केली, आणि १८८२ साली आगरकर-टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे समाजसुधारणेवरून या मित्रांचेच बिनसले. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला. वाद कडवट, पण लेखणीचा. सनातन्यांनी मात्र पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मुद्द्याला ते उत्तर नव्हे. अशा माणसाकडे १८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद आले. आम्हा पोरांत एका वादावरून वर्षभर अबोला राहतो. १८९५ साली आगरकर गेले, तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी.